परदेशात शिकणाऱ्या विद्यार्थ्याची दिनचर्या

(आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बारडोली येथे भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यात दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी बोलण्याचा मान आपण माझ्यासारख्या एका निवृत्त शिक्षकाला दिलात, याबद्दल प्रथम विश्वस्तमंडळाचे आभार मानतो. विषय चिटणीसांनीच सुचविला. आपल्या शिक्षणनिधीकडे हल्ली जे अर्ज येतात, त्यांत परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींचे अर्ज दरवर्षी वाढत आहेत. कोणाला द्यावे, किती द्यावे, कर्जाऊ द्यावे की देणगी म्हणून द्यावे, यावर विश्वस्तांच्या बैठकीत बराच ऊहापोह होतो. तेव्हा "परदेशात विद्यार्थी कसा राहतो, काय खातो, त्याचा दिवस कसा जातो, हे जरा सांगा," अशी त्यांची सूचना होती. मला ती फार आवडली. थोर माणसांच्या चरित्रांत पदव्या ठळक अक्षरांत छापलेल्या असतात; पण ती पदवी मिळेपर्यंत त्या माणसाने सकाळी काय खाल्ले आणि खोलीचे भाडे कोठून दिले, हे एखाद्या कोपऱ्यात दोन ओळींत उरकलेले असते. आज मी पदव्यांविषयी थोडे आणि भाकरीविषयी जास्त बोलणार आहे.

आरंभ आपल्या गावापासून करू. १९२८ च्या सत्याग्रहात ज्यांना बारडोलीने 'सरदार' ही पदवी दिली, ते वल्लभभाई पटेल १९१० साली बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले, तेव्हा ते पस्तिशीच्या उंबरठ्यावर होते. पत्नी आदल्याच वर्षी वारली होती; आईवेगळी दोन मुले मागे ठेवून ते निघाले. खरे तर त्यांना पाच वर्षे आधीच जावयाचे होते. पैसा साठवून त्यांनी प्रवासाची सर्व व्यवस्था केली होती. परंतु कंपनीचे पत्र 'व्ही. जे. पटेल' या नावाने आले आणि ते पडले वडील बंधू विठ्ठलभाईंच्या हाती. दोघांच्या नावाची आद्याक्षरे एकच! मी थोरला, आधी मी जातो, असे विठ्ठलभाई म्हणाले आणि वल्लभभाईंनी आपली जागा त्यांना दिली. एवढेच नव्हे, तर त्यांच्या खर्चाचा भारही उचलला. घरातल्या घरात चाललेला हा एक लहानसा शिक्षणनिधीच नव्हे काय?

पुढे स्वतः गेले तेव्हा वल्लभभाईंनी मिडल टेंपल या संस्थेत नाव घातले. कायद्याची पुस्तके विकत घेणे परवडत नसे, म्हणून राहत्या जागेपासून कित्येक मैल चालत ते मिडल टेंपलच्या ग्रंथालयात जात, दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत तेथेच वाचीत बसत आणि पुन्हा पायीच परत येत. मध्यंतरी पायाला नारूचे दुखणे होऊन इस्पितळात पडून राहावे लागले. तरीही छत्तीस महिन्यांचा अभ्यासक्रम त्यांनी तीस महिन्यांत पुरा केला आणि १९१३ साली बॅरिस्टर होऊन ते परतले. पंधरा वर्षांनी आपल्या तालुक्याची सारावाढीची प्रकरणे ज्या बारकाईने त्यांनी हाताळली, ती सवय त्या ग्रंथालयातल्या बाकावर अधिकच पक्की झाली असावी, असे मला वाटते.

आता खर्चाचे बोलू. कारण परदेशातल्या विद्यार्थ्याचा दिवस घड्याळापेक्षा पाकिटावर अधिक चालतो.

महात्मा गांधी १८८८ ते १८९१ या काळात लंडनला शिकत होते. प्रारंभी त्यांनीही पोशाख, नाच, फिडल असले साहेबी थाट करून पाहिले. मग एके दिवशी हिशेबाची वही उघडली आणि सगळे बदलले. दोन खोल्या सोडून आठवड्याला आठ शिलिंग भाड्याची एक खोली घेतली; शेगडी आणली; सकाळी ओटची पेज आणि कोको घरीच करू लागले, दुपारी बाहेर जेवावे आणि रात्री पुन्हा पाव व कोको. अशा रीतीने एक शिलिंग तीन पेन्समध्ये जेवणाचा दिवस निघे. रोजच्या रोज पै न् पैचा हिशेब लिहिण्याची त्यांची सवय तेथलीच. विद्यार्थ्यांनो, परदेशात जाणाऱ्याने पाठ्यपुस्तकांच्या आधी हिशेबाची वही घालावी, हे मी एवढ्यासाठीच सांगत असतो.

परंतु गांधीजींच्या घरची स्थिती तशी बरी होती. ज्याच्या घरी काहीच नाही, त्याने काय करावे? याचे उत्तर आपल्या शेजारच्या बडोदे संस्थानाने दिले आहे. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी भीमराव रामजी आंबेडकर या तरुणाला अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. ४ जून १९१३ रोजी करारनामा झाला. महिन्याला साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे आणि परत आल्यावर संस्थानची दहा वर्षे नोकरी, असे त्याचे स्वरूप होते. साडेअकरा पौंड म्हणजे २३० शिलिंग. दिवसाला साडेसात शिलिंगांच्या आसपास. त्यातून राहणे, जेवण, कपडे, पुस्तके भागवावयाची आणि मुंबईला घरीही काही पाठवावयाचे.

न्यूयॉर्कला पोचल्यावर बाबासाहेब प्रथम कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात उतरले. पण तेथील अन्न मानवेना, म्हणून आठवडाभरातच जागा बदलली. काही दिवसांनी ते लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये राहू लागले आणि तेथे नवल भथेना हा पारशी तरुण त्यांच्या खोलीत सोबती म्हणून आला. ही मैत्री जन्मभर टिकली. अर्थशास्त्राचे सेलिग्मन, तत्त्वज्ञानाचे जॉन ड्यूई असे गुरू लाभले. अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, असे जे जे शिकता येईल ते शिकण्याचा त्यांनी सपाटा लावला. दिवस वर्गात आणि ग्रंथालयात जाई. आणि जेवणात काटकसर करून वाचलेला पैसा जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जाई. चरित्रकार धनंजय कीर यांच्या म्हणण्याप्रमाणे न्यूयॉर्कमध्ये त्यांनी सुमारे दोन हजार जुनी पुस्तके जमविली. पोटाला चिमटा घेऊन पुस्तके घेणे म्हणजे काय, हे यावरून दिसते.

१९१६ साली ते लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी नावे घातली. अभ्यास रंगात आला आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली! चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची विद्यापीठाची परवानगी पदरात पाडून घेऊन १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. महायुद्ध चालू होते. सामान ज्या जहाजाने येत होते ते शत्रूच्या पाणबुडीने बुडविले आणि पुस्तकांचा मोठा भाग समुद्राच्या तळाशी गेला. मुदत संपली म्हणजे मदत संपली, हा कायदा कागदावर बरोबर दिसतो. पण अर्ध्यावर तुटलेला अभ्यास पुन्हा जोडण्यासाठी त्या माणसाला तीन वर्षे थांबावे लागले, हे आपल्या विश्वस्तांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१९२० साली ते पुन्हा लंडनला गेले, ते सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीच्या पगारातून शिल्लक टाकलेले पैसे, मित्र नवल भथेना यांनी दिलेले पाच हजार रुपयांचे कर्ज आणि कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचा हातभार, एवढ्या बळावर. या दुसऱ्या खेपेचा त्यांचा दिवस कसा जाई, हे कीरांनी तपशिलाने दिले आहे. घरमालकीण मोठी कडक आणि वाढण्यात हात आखडता. सकाळची न्याहारी नावापुरती. ती उरकून ब्रिटिश म्यूझियमच्या ग्रंथालयाकडे चालत जावयाचे आणि दार उघडताच आपली जागा धरावयाची. दुपारच्या जेवणाला पैसा नाही आणि वेळही नाही. संध्याकाळी रखवालदार उठवील तेव्हा खिसे टिपणांनी फुगलेले आणि चेहरा उतरलेला, अशा स्थितीत बाहेर पडावयाचे. रात्री बोव्हरिलचा पेला आणि बिस्किटे मिळत. तेवढ्याने भूक कशी भागणार? दहाच्या सुमारास पोटात कावळे ओरडू लागले की ओळखीच्या माणसाने दिलेल्या पापडांच्या गठ्ठ्यातले चार पापड पत्र्यावर भाजावयाचे, वर पेलाभर दूध प्यावयाचे आणि पुन्हा पुस्तक उघडावयाचे. खोलीतला सोबती मध्यरात्री जागा होऊन "आता निजा" म्हणे. पण दिवा मालवला जात नसे.

भगिनींनो, आपण मुलांच्या पेटीत पापड, लोणची, मेतकूट भरून देता आणि मुले आजकाल "आई, तिथे सगळे मिळते," म्हणून हसतात. त्यांना सांगा, भारताच्या राज्यघटनेच्या शिल्पकाराच्या रात्री अशाच चार पापडांवर निघाल्या आहेत. लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरात ते राहत, ते महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतले आणि आज तेथे त्यांचे स्मारक आहे.

आणखी एक गोष्ट. विद्यार्थी एकटा परदेशी जातो, पण त्याची परीक्षा घरातल्या सगळ्यांना द्यावी लागते. बाबासाहेब तिकडे पुस्तकांत होते, तेव्हा रमाबाई मुंबईच्या चाळीत ओढग्रस्तीत संसार रेटीत होत्या. लहान अपत्यांच्या मृत्यूचे दुःख त्यांनी सोसले. पतीच्या नावापुढे एम.एससी., डी.एससी., बॅरिस्टर अशी अक्षरे लागली, त्यांतल्या प्रत्येक अक्षराला रमाबाईंच्या उपासाचे मोल आहे. शिष्यवृत्ती देताना आपण विद्यार्थ्याचे गुणपत्रक पाहतो. मागे राहणाऱ्या घराचे गुणपत्रक कोण पाहतो?

आता एका मुलीकडे वळू. मुलगीच म्हणतो, कारण आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून आगबोटीत चढल्या तेव्हा त्यांना अठरावे वर्ष नुकतेच पुरे झाले होते. बरोबर घरचे माणूस कोणी नाही. अमेरिकेत त्यांना आधार कोणाचा? न्यू जर्सीतील कार्पेंटरबाईंचा. या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असताना सहज एक मासिक चाळू लागल्या, त्यात गोपाळरावांचे पत्र छापलेले होते. पत्नीच्या शिक्षणासाठी त्यांची चाललेली धडपड वाचून बाईंना कळवळा आला आणि त्यांनी पत्रव्यवहार सुरू केला. आनंदीबाई बंदरावर उतरल्या त्या थेट त्यांच्या घरी गेल्या आणि त्यांना मावशी मानून राहिल्या. परक्या देशात पहिले काही महिने कोणाच्या तरी घरात माणसासारखे राहावयास मिळणे, ही केवढी मोठी शिष्यवृत्ती आहे!

पुढे फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात प्रवेश मिळाला आणि खरी कसोटी लागली. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या पडतात, ते तिकडच्या लोकांना चमत्कारिक वाटे आणि थंडीही वाजे. म्हणून आनंदीबाईंनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास आरंभ केला. आपल्या या भागातल्या भगिनींना ऐकून आनंद वाटेल, की पहिल्या भारतीय स्त्री-डॉक्टरांपैकी एक असलेली ही मराठी मुलगी अमेरिकेत गुजराती थाटाच्या साडीत वावरत होती. आहार शाकाहारी; स्वयंपाक हाताने. राहण्यास मिळालेल्या खोलीची शेगडी नीट चाले ना. पेटवावी तर खोलीभर धूर, न पेटवावी तर हाडे गोठविणारी थंडी. दिवसभर व्याख्याने आणि शवविच्छेदन. रात्री अभ्यास आणि पत्रे. डोकेदुखी व खोकला पाठ सोडीना. तरीही ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी घेतली. त्याच वर्षी त्या परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास क्षयाने गेल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

ही गोष्ट आपण सहसा 'केवढा हा त्याग' असे म्हणून संपवितो. मला तेवढ्यावर थांबवत नाही. ती शेगडी कोणी वेळीच दुरुस्त केली असती तर? खोकला लागला तेव्हा चार महिने विश्रांती घे, अभ्यास पुढे ढकल, खर्चाची काळजी करू नको, असे सांगण्याइतका निधी कोणापाशी असता तर? क्षयावर तेव्हा औषध नव्हते, हे खरे. तेव्हा त्या वाचल्याच असत्या असे कोणी म्हणू नये. पण त्याग हा विद्यार्थ्याकडून मागावयाचा नसतो. तो टाळता येईल तेवढा टाळावयाचा असतो. त्यासाठीच तर आपल्यासारख्या संस्था आहेत.

तिसरे उदाहरण इरावतीबाई कर्वे यांचे. १९२८ साली त्या बर्लिनला मानववंशशास्त्र शिकण्यास गेल्या. महर्षी अण्णासाहेब कर्वे त्यांचे सासरे. स्त्रीशिक्षणासाठी ज्यांनी जन्म वेचला, त्यांनाही सुनेचे परदेशगमन मनातून रुचले नव्हते. पती दिनकरराव मात्र ठाम राहिले. पैशाची अडचण जीवराज मेहता यांनी कर्ज देऊन निवारली. हेच पुढे १९६० साली गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. बर्लिनमधील त्यांचे प्राध्यापक ऑयगेन फिशर यांचा समज असा, की गोऱ्या लोकांची बुद्धी श्रेष्ठ असल्याच्या खुणा त्यांच्या कवटीच्या घडणीतच दिसतात. तो सिद्ध करण्याचे काम या विद्यार्थिनीकडे आले. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि, कवटीच्या अशा घडणीचा वंशाशी काहीही संबंध दिसत नाही, असे प्रबंधात लिहून दिले. परका देश, डोक्यावर कर्ज, पदवी ज्याच्या हाती तोच गुरू. अशा वेळी मोजमाप सांगेल तेच लिहावयाचे, ही परदेशातील विद्यार्थ्याच्या दिनचर्येतली सर्वांत अवघड गोष्ट आहे. थंडी आणि भूक त्यामानाने सोपी!

आपण म्हणाल, ह्या जुन्या गोष्टी झाल्या. हल्लीचा विद्यार्थी विमानाने एका दिवसात पोचतो आणि रोज रात्री मोबाइलवर तोंड दाखवितो. खरे आहे. परंतु त्याचा दिवस सोपा झाला आहे, असे मात्र समजू नका. पूर्वी शिष्यवृत्तीवर मोजके विद्यार्थी जात. आता पुष्कळसे घरच्या कर्जावर जातात. जमीन गहाण, आईचे दागिने बँकेत, अशी स्थिती आपल्यातल्या काही घरांतून आहे, ती येथे नावानिशी सांगण्याची गरज नाही. तिकडे गेल्यावर काम करून खर्च काढू, असा हिशेब मांडलेला असतो. पण कामाच्या तासांना मर्यादा आहे. इंग्लंडात पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासच काम करता येते. अमेरिकेतही मर्यादा वीस तासांचीच, आणि तेही विद्यापीठाच्या आवारात. कॅनडाने नोव्हेंबर २०२४ पासून ती चोवीस तास केली. परंतु त्याच वर्षाच्या आरंभी, राहण्याच्या खर्चासाठी दाखवावयाची रक्कम दहा हजार डॉलरवरून एकदम २०,६३५ डॉलरवर नेली आणि विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादाही घातली. इंग्लंडने जानेवारी २०२४ पासून एम.ए., एम.एससी. अशा शिकवणीच्या अभ्यासक्रमाला येणाऱ्यांना पती-पत्नी व मुले बरोबर आणण्यास बंदी केली. नियम तिकडे बदलतात आणि हिशेब इकडे कोसळतो.

या मुलांचा दिवस पाहा. पहाटे उठून बस धरावयाची, वर्ग, मग दुकानात, उपाहारगृहात किंवा गुदामात चार-पाच तास उभे राहून काम, रात्री परत येऊन तिघाचौघांच्या खोलीत पाळीप्रमाणे स्वयंपाक, आणि त्यानंतर अभ्यास. घरी बोलावयाची वेळ येते ती आपल्याकडची पहाट असते किंवा मध्यरात्र. मोबाइलच्या चौकोनात चेहरा दिसतो, खोली दिसत नाही. "जेवलास का?" असे आई विचारते आणि "हो, आताच," असे उत्तर येते. पूर्वी पत्राला महिना लागे, पण पत्रात माणूस सुखदुःख चार पाने लिही. आता निरोप क्षणात पोचतो, आणि त्यात दोनच शब्द असतात: "सगळे ठीक." त्या दोन शब्दांवर फार विसंबू नका, एवढेच आईबापांना सांगणे आहे.

आता परत येण्याविषयी. बाबासाहेब १९१७ च्या सप्टेंबरात करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू होण्यास गेले. ज्या संस्थानाने एवढा खर्च करून त्यांना शिकविले, त्या संस्थानच्या राजधानीत त्यांना राहावयास खोली मिळेना. हिंदू खाणावळीत जातीमुळे प्रवेश नाही. शेवटी नाव बदलून एका पारशी विश्रामगृहात ते राहिले. अकराव्या दिवशी ते उघडकीस आले. काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास त्यांना बजावण्यात आले. दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागून पाहिला. दोघांनीही अडचणी सांगितल्या. रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत तो कोलंबियाचा एम.ए. एका सार्वजनिक बागेत बसून राहिला आणि मुंबईला परतला. हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. आणि याच माणसाला तीन वर्षांनी पाच हजार रुपये काढून देणारा मित्रही पारशीच होता, हेही विसरू नये. जमाव एक करतो, माणूस दुसरे करतो. महाराजांचा हात सढळ होता; पण राजाने पैसा दिला तरी खोली समाजाने द्यावयाची असते, आणि ती समाजाने दिली नाही.

बंधुभगिनींनो, हे सांगण्यामागे हेतू आहे. आपल्या ट्रस्टचा शिक्षणनिधी केवळ सभासदांच्या पाल्यांसाठी ठेवावा की त्याचे दार इतरांनाही उघडावे, यावर आपल्यात दोन मते आहेत, हे मला ठाऊक आहे. आपल्यापैकी पुष्कळांची मुळे खानदेशात आहेत; ताप्तीकाठच्या रेल्वेने आपले वाडवडील या भागात पोट भरण्यास आले. त्याच खानदेशातून आणि डांगातून आजही ऊसतोडीच्या हंगामात कुटुंबेच्या कुटुंबे या तालुक्यात येतात आणि शेताच्या बांधाला खोपटी घालून राहतात. त्यांची मुलेही मराठी, भिली, अहिराणी बोलतात. त्यांच्यातला एखादा मुलगा उद्या अर्ज घेऊन दारात आला, तर "तू सभासदाचा पाल्य आहेस काय?" असे आपण विचारावे काय? निधी मर्यादित आहे, हे मी जाणतो; आधी घरच्यांचे पाहावे, असे म्हणणाऱ्या मंडळींची कळकळही खरी आहे. माझी विनंती एवढीच, की निधीचा निदान काही हिस्सा गरज आणि गुण या दोनच कसोट्यांवर द्यावा. तेथे जात, गाव, सभासदत्व यांची चौकशी नसावी.

आणखी चार लहान सूचना करून भाषण आटोपतो.

पहिली, मदत मंजूर करताना फीचा आकडा पाहू नये, दिवसाचा खर्च पाहावा. अर्जाबरोबर विद्यार्थ्याकडून एका महिन्याचे अंदाजपत्रक लिहून घ्यावे: भाडे, जेवण, प्रवास, गरम कपडे, औषध. रक्कम एकदम न देता ठरलेल्या तारखेस हप्त्याने पाठवावी आणि ती तारीख कधी चुकवू नये. आजारासाठी किंवा अभ्यास लांबल्यास उपयोगी पडेल अशी थोडी रक्कम वेगळी राखून ठेवावी.

दुसरी, मदत शक्यतो बिनव्याजी कर्जाच्या रूपाने द्यावी आणि परतफेड नोकरी लागल्यावर सुरू व्हावी. आपल्या शेजारच्या नवसारीत जन्मलेल्या जमशेटजी टाटांनी १८९२ साली कर्जरूप शिष्यवृत्तीचा निधी उभारला तो याच विचाराने: एकाने फेडलेला पैसा दुसऱ्याच्या उपयोगी पडतो आणि घेणाऱ्याची मानही ताठ राहते.

तिसरी, आपल्या भागातील माणसे इंग्लंड, अमेरिका, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक आहेत. त्यांपैकी ओळखीच्या कुटुंबांची यादी ट्रस्टने करावी आणि नवा विद्यार्थी पोचला, की पहिला आठवडा त्यांच्या घरी काढील, सणावाराला जेवावयास जाईल, अशी व्यवस्था लावावी. प्रत्येक आनंदीबाईला एक कार्पेंटरमावशी मिळाली पाहिजे.

चौथी सूचना महिला मंडळासाठी. ज्या घरातील मूल परदेशी आहे, त्या घरी महिन्यातून एकदा सहज जाऊन यावे. चहा घ्यावा, दोन गोष्टी बोलाव्यात. कर्जाचा हप्ता थकला आहे काय, म्हाताऱ्या आईचे औषध चालू आहे काय, हे अर्जात कोणी लिहीत नाही. ओट्याजवळ बसले म्हणजे कळते.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हाला सांगण्यासारखे फार नाही. जेवण चुकवू नका. हिशेब रोज लिहा. आजार लपवू नका. आठवड्यातून एकदा घरी सविस्तर पत्र लिहा, हाताने लिहा किंवा मोबाइलवर लिहा, पण चार ओळी जास्त लिहा. तिकडे राहावयाचे की परत यावयाचे, हे तुमचे तुम्ही ठरवा. आम्ही त्याची शपथ घेणार नाही. मात्र जेथे असाल तेथे पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलाला विमानतळावर घ्यावयास जा. ट्रस्टचे कर्ज पैशाने फिटते. हे दुसरे ऋण असेच फेडावयाचे असते.

पन्नास वर्षांपूर्वी ज्या मंडळींनी रुपया-दोन रुपये वर्गणी गोळा करून हा ट्रस्ट उभा केला, त्यांतील बरीचशी आज हयात नाहीत. त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी आगबोट पाहिली असेल. तरी शिक्षणासाठी पैसा बाजूला ठेवावा, ही बुद्धी त्यांना झाली. त्यांच्या स्मृतीस वंदन करतो.